समुद्राला कान लावा: गोव्याच्या मत्स्योद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्योद्योगमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

स. न. वि. वि.

मार्च 2017 मध्ये ग्रांदे बेटाजवळच्या उथळ पाण्यात हंपबॅक देवमाशाचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांचा त्या कामात सहभाग होता. ज्या बेटावर आपण पर्यटकांना स्कूबा आणि डॉल्फिन दाखवायला नेतो, तिथेच पाण्याखाली एक नर देवमासा गात होता आणि बहुतेक गोवेकरांना त्याचा पत्ताही नाही. मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. वर्गात हे सांगितले की मच्छीमारांची मुलेसुद्धा थक्क होतात.

माझी मागणी एकच आहे. गोव्याच्या समुद्रात देवमाशांचे आवाज टिपणारी यंत्रे दर वर्षी, पूर्ण हंगामभर लावा आणि या कामात मच्छीमारांना पहिल्यापासून सोबत घ्या.

जगातले इतर हंपबॅक ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोट भरतात आणि विणीसाठी हजारो किलोमीटर पोहून उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे जातच नाहीत. याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. जे नैऋत्य वारे आपल्याकडे मिरगाचा पाऊस आणतात, तेच ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, मग कोळंबीसारखे बारीक जीव येतात, तारली येते. देवमाशाला इथेच वाढलेले ताट मिळते. जनुकीय अभ्यासानुसार हा गट सुमारे 70 हजार वर्षे इतर हंपबॅकपासून वेगळा राहिला आहे.

आणि तो फार लहान आहे. 1966 साली सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताजवळच्या समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. पुढे ओमानमध्ये शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो जुळवून मोजणी झाली, कारण तिथले काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात. अंदाज निघाला 82. 2017 च्या अखेरीस तिथेच उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी अख्खा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या बाजूला आली आणि थेट मन्नारच्या आखातापर्यंत गेली. असा प्रवास त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. म्हणजे ओमानचे म्हणून मोजलेले हे देवमासे आपलेही पाहुणे आहेत.

एवढ्या मोजक्या प्राण्यांना होडीतून शोधत फिरणे अवघड, पण गाणे पाण्यातून दूरवर जाते. फक्त नर गातात आणि एका गटातले नर साधारण एकच गाणे गातात, त्यामुळे ध्वनिमुद्रणावरून गाणारा कुठल्या गटातला याचा माग काढता येतो. ते दर वर्षी येतात का, डिसेंबरमध्येही असतात का, मुरगाव बंदराच्या जहाजांच्या वाटेत सापडतात का, हे एका मार्चवरून ठरत नाही. त्यासाठी नोव्हेंबर ते मे सलग ऐकायला हवे. यंत्र तळाशी नांगरून ठेवायचे आणि ठरावीक काळाने वर काढून बॅटरी बदलायची. पण ट्रॉलरच्या जाळ्यात ते एका रात्रीत ओढले जाऊ शकते. कुठे जाळी ओढतात आणि कुठे नाही हे तांडेलांना पाठ असते. जागा त्यांना विचारूनच ठरवा.

मच्छीमार पालकांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. समुद्रात मोठे काही दिसले तरी ते बोलायला धजत नाहीत. देवमासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जाळ्यात आला म्हणून कळवले तर चौकशी मागे लागेल, होडी अडकून पडेल, ही धास्ती असते. ती दूर केल्याशिवाय कोणतेही संशोधन पुढे सरकणार नाही, कारण जाळी हाच मोठा धोका आहे. ओमानमध्ये फोटोंत शेपटीचे मूळ तपासले, तेव्हा 30 ते 40 टक्के देवमाशांवर जाळ्यांचे वण दिसले. नायलॉनचा दोर तिथे काचतो, कातडीत रुततो आणि प्राणी तो ओढत पोहत राहतो.

महाराष्ट्राने 2018 पासून संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. पुराव्याला फोटो किंवा व्हिडिओ चालतो. वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला जे मिळते, ते तेरेखोलच्या अलीकडे बेतुलच्या मच्छीमारालाही हेलपाटे न घालता मिळाले पाहिजे.

मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. त्याआधी वन खात्याशी बोलून एक परिपत्रक काढा. देवमासा दिसल्याचे किंवा सोडवल्याचे कळवणाऱ्याला त्रास होणार नाही, फोटो कोणत्या क्रमांकावर पाठवायचा आणि जाळ्याची भरपाई किती दिवसांत मिळेल, एवढे त्यात स्पष्ट असावे. सोडवायला कोणीही पाण्यात उतरू नये, हेही ठळक लिहा. तीस टनांच्या प्राण्याच्या शेपटीचा एक फटका जिवावर बेततो. परिपत्रक मराठी-कोंकणीत असावेच, पण ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे खलाशी पुष्कळ आहेत, म्हणून ओडिया आणि हिंदीतही छापून मालीम, वास्को आणि कुटबणच्या जेटीवर लावा. यंत्रांबाबत दोनापावलाच्या संस्थेशी बोलणी आत्ता सुरू केली, तरच ती नोव्हेंबरपर्यंत पाण्यात उतरतील.

कळावे,
आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक शिक्षक, म्हापसा