मशीनवरची टिकली

डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार.

माझा दुखरा जबडा बरा केलात, त्याचे समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "काकू, आधी तोंड जपून उघडा" म्हणत हसण्यावारी नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवणकाम करणाऱ्या आणखी चौघींच्या नजरेस पडलं तर बरंच आहे.

ऐन लग्नसराईत माझा उजवा कान आणि त्याच बाजूची दाढ ठणकायला लागली. लसणाचं कोमट तेल घालून झालं. (आमच्या सांगलीत हे आधी, डॉक्टर नंतर.) कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान साफ. एक्स-रे काढला, दाढ धडधाकट. पण घास चावताना कानापुढं कट्ट वाजायचं, सकाळी दातखिळी बसल्यासारखं व्हायचं, आणि पाणीपुरी फोडून दोन घासांत खायची वेळ आली. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी तुमच्याकडं धाडलं. हातपाय मोडल्यावर जायचं ते फिजिओथेरपीला, जबड्याला काय चोळणार, असं मनात म्हणतच मी आले.

तुम्ही माझीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायला लावलीत. दोनच गेली. मग हातमोजा घालून, अंगठा गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून, असा तो जाड स्नायू चिमटीत धरलात आणि कळ थेट दाढेत गेली! "हीच ती दाढ!" मी ओरडले, तोंडात अंगठा असताना ओरडता येईल तेवढं. दुखणं होतं चावायच्या स्नायूत, उमटत होतं दाढेत आणि कानात. आणि मी तेल कानात घालत बसलेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नंतर मागच्या दाढांवर अंगठा टेकवून जबडा हळूच खाली ओढलात, तेव्हा गच्च बसलेलं झाकण सुटावं तसं वाटलं. पण खरं निदान त्यानंतर झालं. "शिवताना कशा बसता ते दाखवा," म्हणालात. मी खोटी सुई ओवली, खोटा दोरा तोडला. तुम्ही बघतच राहिलात. दोरा दातानं तोडायचा, टाचण्या ओठांत, फोन कान आणि खांद्यामध्ये, मान मशीनवर वाकलेली. आणि गिऱ्हाइकाच्या पैठणीवर कात्री चालवताना दात असे आवळलेले की जणू दातांनीच कापतेय. वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओठ मिटलेले असले तरी आत दात सुटे असतात, जेवताना-गिळताना काय ते भिडतात, हे पन्नाशीत कळलं!

टिकलीची युक्ती तर तुमचीच. मशीनच्या चाकाजवळ लाल टिकली लावली; दिसली की दात सोडायचे, जीभ टाळूला, वरच्या दातांच्या जरा मागे. पहिल्या दिवशी बघावं तेव्हा दात आवळलेलेच. गिऱ्हाइकं विचारतात, मशीनला कुंकू का लावलंय म्हणून. मी सांगते, तिला नजर लागते.

बाकीचंही पाळतेय. रात्री ओल्या गरम टॉवेलचा शेक, जांभई आली की हनुवटीखाली हात, खुर्चीवर उशी. भाकरी काही दिवस आमटीत कुस्करून खाल्ली, आता दोन्ही बाजूंनी चावते. चिक्की मात्र सोडवली नाही. संक्रांतीला एक तुकडा चघळला आणि दोन दिवस भोगलं, हे आज कबूल करते.

सहा आठवड्यांनी तीन बोटं गेली. कट्ट आवाज अजून येतो, पण दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या आवाजाच्या मागे लागायचं नाही, हे तुमचं सांगणं मी धरून आहे. परवा पाणीपुरी अख्खी खाल्ली. पाणी नाकात गेलं, तो दोष जबड्याचा नव्हे.

तुमचे दोन्ही ब्लाउज शनिवारी तयार आहेत. एकही दोरा दातानं तोडलेला नाही.

तुमची,
ब्लाउजवाली काकू