घरकुलाचा हप्ता फोटोपाशी अडतो

मा. संपादक,

घरकुलातल्या लाचखोरीचा विषय निघाला की सगळे लाभार्थी यादीबद्दल बोलतात. यादीत गडबडी होतात हे खरेच. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यादीत नाव लागल्यानंतरच गरिबाची खरी कोंडी सुरू होते, आणि ती होते फोटोपाशी.

बसव वसती, आंबेडकर निवास, प्रधानमंत्री आवास या योजनांचे पैसे बेंगळुरूहून राजीव गांधी ग्रामीण गृहनिर्माण निगममार्फत थेट लाभार्थ्याच्या खात्यावर येतात. मधल्या कुणाला रोख रकमेला हात लावता येत नाही, म्हणून हात फोटोवर ठेवला जातो. पाया, लिंटल (दारे-खिडक्यांवरची आडवी पट्टी), छत आणि पूर्ण घर अशा प्रत्येक टप्प्याला पंचायतीच्या माणसाने जागेवर येऊन मोबाईलवर जीपीएस फोटो काढायचा, तो वर मंजूर व्हायचा, मगच हप्ता सुटतो. मुदतीत पाया घातला नाही तर नाव ब्लॉक होते आणि ते खुले करून घ्यायला पुन्हा त्याच दारात जावे लागते.

रेंज नाही, ॲप उघडत नाही, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) तालुक्याला मीटिंगला गेलेत, ही उत्तरे प्रत्येकाने ऐकली आहेत. खानापूरच्या जंगलपट्टीत रेंज खरोखरच नसते. खरी अडचण आणि मुद्दाम लावलेला उशीर बाहेरून सारखेच दिसतात, आणि लाच नेमकी याच आडोशाला मागितली जाते. शिवाय तोंडाने काही मागावे लागत नाही, नुसते यायचे टाळले की पुरते.

हिशेब बघा. प्रधानमंत्री आवासचे सपाट भागातले अनुदान १ लाख २० हजार. पुढचे काम थांबू नये म्हणून घरधन्याने महिना शेकडा तीन रुपयांनी ४० हजार उचलले, तर महिन्याला १,२०० रुपये नुसते व्याज. दोन महिने फोटो लांबला की २,४००. अशा वेळी कुणी दोन हजार मागितले तर देणाऱ्याला ते स्वस्त वाटतात. त्यात मे उलटलेला असला तर विचारूच नका. लिंटलपर्यंत आलेल्या उघड्या भिंती मृगाच्या पावसात भिजतात, मातीत बांधलेली वीट सुटते, वर काढून ठेवलेल्या सळ्या गंजतात, ताडपत्रीखालच्या सिमेंटच्या पोत्यांत खडे धरतात. हे नुकसान कुठल्याच हप्त्यात भरून मिळत नाही.

२०१९ च्या महापुरानंतरही एका शेऱ्यावरच सगळे ठरत होते. पूर्ण पडलेल्या, 'ए' वर्गातल्या घराला ५ लाख आणि 'सी' वर्गाला ५० हजार. पाहणी करणाऱ्याच्या एका अक्षराला एवढी किंमत असेल, तर ते अक्षर का लिहिले याचे कारणही त्याच कागदावर यायला हवे.

मागणी अवघड नाही. लाभार्थ्याने टप्पा पूर्ण झाल्याचे कळवले तो दिवस, फोटो काढला तो दिवस, तालुका पंचायतीकडे पाठवला तो दिवस आणि परत आला असेल तर त्याचे कारण, एवढ्या चार गोष्टी नावानिशी पंचायतीच्या फलकावर लावाव्यात. त्या कन्नडबरोबर मराठीतही हव्यात. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण जुनेच आहे. न वाचता येणाऱ्या नोटिशीमुळेही माणूस मध्यस्थाच्या हाती जातो, याचा कन्नड-मराठी वादाशी संबंध जोडू नये.

लाभार्थ्यांनी टप्पा पूर्ण झाल्याच्या दिवशीच लेखी अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी आणि स्वतःही फोटो काढून ठेवावा. पैसे मागितले तर देण्याआधी बेळगावच्या लोकायुक्त पोलिसांकडे जावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर कायदा त्याला संरक्षण देतो. ही सात दिवसांची तरतूद गावात फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून दिलेले दोन हजार भीतीपोटी लपवले जातात.

पावसाळा तोंडावर आहे. लिंटलवर अडलेल्या घरांची गावनिहाय यादी जिल्हा पंचायतीने आताच मागवावी आणि त्यांचे फोटो आधी काढून घ्यावेत.

— गृहनिर्माण योजनांचा एक अभ्यासक, खानापूर