तुझ्या फ्रॉकच्या घेराचे माप

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर लिहिले नाही. एवढ्या काळात दोनदा कागद समोर घेतला आणि दोन्ही वेळा चार ओळींपुढे गेले नाही, कारण जे लिहीत होते ते कोणालाही लिहिता आले असते. काल रात्री मात्र असे काही हाती लागले की ते तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. माझी मान अधूनमधून दुखते, आईला डाव्या डोळ्याने आता फारसे दिसत नाही, बाकी सर्व ठीक.

लेक सहा वर्षांची झाली तेव्हापासून मनात होते की आपल्या दोघींसाठी आईने शिवलेल्या फ्रॉकसारखाच एक फ्रॉक तिच्यासाठी स्वतःच्या हाताने शिवायचा. माझा फ्रॉक आईने जपून ठेवला होता. आकाशी रंग आता राखेसारखा झाला आहे, पण बगलेखालची शिवण उलटून पाहिली तेव्हा आत सोडलेल्या मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेल्या जादा कापडात, तो जसाच्या तसा होता, कारण तिथे कधी ऊन पोहोचलेच नाही. कापड निवडताना मी तोच आतला रंग धरला. खालची दुमड आईने दोन वेळा सोडून फ्रॉक लांब केला होता, त्या दोन घड्यांच्या फिकट रेषा अजून घेरावर आहेत. म्हणजे तो मी तीन वर्षे घातला. तू मात्र तुझा एका वर्षातच आखूड करून दाखवलास, इतकी भराभर वाढलीस!

पहिली काळजी अशी होती की जुना फ्रॉक उसवावा की नाही. सगळ्या शिवणी सोडल्या की एकेक तुकडा सपाट होतो आणि त्यावरून नेमके बेतता येते, पण एकदा सोडलेला फ्रॉक पुन्हा तसाच उभा राहत नाही. दोरा इतका जीर्ण झाला आहे की सुईचे टोक लागताच तुटतो. आई म्हणाली, "उसवायचे नाही. खाली जाड कागद ठेव आणि शिवणीवरून टाचणी टोचत जा." तसे केले. कागदावर उमटलेली भोके पेन्सिलीने जोडली आणि मुंढा, गळा, पाठ व फुग्याची बाही अशी सगळी वळणे मिळाली. मुंढ्याची रेषा कागदावर पाहून मी बराच वेळ तशीच बसले. माझा खांदा एके काळी एवढासा होता आणि तो आईने बोटांनी मोजला होता.

अडले ते छातीवरच्या स्मॉकिंगपाशी. त्या कामाचा हिशेब तुला ठाऊक नसेल, कारण शिवणाच्या तासाला तू नेहमी माझाच रुमाल दाखवायचीस. उलट बाजूला पाव-पाव इंचावर ठिपक्यांच्या ओळी काढायच्या, प्रत्येक ओळीतून धावदोरा घालायचा, सगळे दोरे एकदम ओढून कापडाच्या चुण्या करायच्या, मग सुलट बाजूने दोन-दोन चुण्या टाक्याने जोडत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वीण उठवायची आणि शेवटी धावदोरे काढून टाकायचे. कापड जवळपास तिप्पट लागते. इंग्लंडमधले शेतमजूर 18व्या-19व्या शतकांत जे सैल सदरे घालत, त्यांना स्मॉक म्हणत आणि त्यावरूनच या कामाला नाव पडले. इलॅस्टिक नसतानाही अंग हलेल तसे कापड ताणले जावे आणि पुन्हा जागेवर यावे, ही त्यातली खरी सोय होती. वाढत्या मुलीच्या छातीवर याहून शहाणपणाचे काही शिवता येईल असे मला वाटत नाही.

जुन्या फ्रॉकवर सात ओळी आहेत. लेक माझ्याहून अंगाने भरलेली आहे. तिला पुढचा भाग साडेअकरा इंच लागतो, म्हणजे साडेचौतीस इंच कापड आणि पाव इंचाला एक याप्रमाणे 138 चुण्या. चुण्या जोडीने शिवायच्या म्हणून संख्या समच हवी, ती तशी आली याचा मला फार आनंद झाला. आता माझ्या फ्रॉकला किती होत्या हे पाहायचे होते, पण सुलट बाजूने विणीत गफलत होते. म्हणून काल रात्री अस्तराची फक्त खालची कड उसवली आणि आतून मोजू लागले. एकूण 112 भरल्या, म्हणजे 28 इंच कापड. आणि मोजता मोजता बोट दोन ठिकाणी जाड रेषेवर अडले.

तिथे जोड आहेत. मधला तुकडा 16 इंचांचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांच्या पट्ट्या. पट्टीवरचे पांढरे फूल मधल्या तुकड्यावरच्या अर्ध्या फुलाशी नेमके जुळवले आहे आणि शिवण अशी घातली आहे की ती दोन चुण्यांच्या खोबणीत जावी आणि खाली घेराच्या घडीत मिटून राहावी. मी तो फ्रॉक तीन वर्षे घातला, आणि तरी मला ते कधी दिसले नाही.

आता आपले गिरकीचे भांडण आठव. आपण दोघी अंगणात गोल फिरायचो आणि तुझा घेर नेहमी माझ्यापेक्षा मोठा उघडायचा. तू म्हणायचीस की मलाच गिरकी घेता येत नाही. मी म्हणायचे की आईने तुला जास्त कापड दिले. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दोन्ही सारखेच आहेत!" पंच म्हणून उभा केलेला तुझा धाकटा भाऊ तर दर वेळी जिचे तोंड जास्त फुगलेले तिच्या बाजूने निकाल द्यायचा. त्यातल्याच एका संध्याकाळी मी तुला म्हणाले होते, "ती माझी आई आहे, तुझी नाही." ते वर्ष कोणते होते हे तुला सांगायला नको. तू काही बोलली नाहीस, फ्रॉक उतरवून घडी घातलीस आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मला हाक मारायला आलीस. इतक्या वर्षांत तू ते वाक्य एकदाही काढले नाहीस. मी मात्र त्या वाक्याशी रोज राहिले आहे, आणि त्याची क्षमा आज पहिल्यांदा मागते आहे.

कारण मला वाटते की माझे म्हणणे खरे होते. कापड एकाच तुकड्याचे होते आणि ते दोघींना पुरणारे नव्हते. आईने त्यातला अखंड भाग तुझ्यासाठी बेतला आणि उरलेल्या तुकड्यांतून माझा उभा केला. त्या वर्षी तुझ्या अंगावर जोड दिलेले काही असू नये असे तिला वाटले असावे. सकाळी मी तिला थेट विचारले. तिने अस्तराखाली बोट घालून जोडावरून फिरवले आणि म्हणाली, "दोन्ही सारखेच होते." पुढे एक अक्षर नाही. आणि याहून मला हलवणारी गोष्ट अशी की एवढी ओढाताण असूनही तिने माझ्या फ्रॉकच्या बगलेत पुरी एक इंच माया सोडली आहे, जिथे अर्धा इंच पुरला असता.

आता खरी काळजी सांगते. माझ्याकडे कापड भरपूर आहे. आटायचे ते आधीच आटावे म्हणून धुऊन, वाळवून, इस्त्री करून ते टेबलावर पसरले आहे आणि कात्री लावायला हात होत नाही. जुन्यासारखाच फ्रॉक करायचा तर अखंड कापड मुद्दाम कापून पुन्हा जोडावे लागेल, आणि ते खोटे वाटते. अखंड ठेवला तर तो माझा फ्रॉक राहत नाही, तुझा होतो. दुपारभर हे डोक्यात घोळले आणि हळूहळू असे जाणवले की लेकीने तुझा फ्रॉक घालावा हेच मला हवे आहे. तिला विचारशील तर तिला फक्त दोन खिसे हवेत. जुना फ्रॉक घालून पाहताना ती दोन्ही हात वर करून त्यात अडकली आणि आतूनच ओरडली, "आई, तू एवढी लहान कशी होतीस?" नंतर आतली शिवण टोचते म्हणाली, म्हणून नव्या फ्रॉकच्या गळ्याला आणि मुंढ्यांना मी आतून उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावणार आहे.

तुझ्या बढतीचे कळले, मनापासून अभिनंदन. लेकाची परीक्षा कशी झाली आणि गुडघ्याला आराम पडला का, तेही कळव.

पण त्याआधी एक काम कर. तुझा फ्रॉक जुन्या ट्रंकेत आहे असे तू मागे म्हणाली होतीस. तो काढ, पण स्मॉकिंगवर इस्त्री फिरवू नकोस, वीण दबते. बगलेखालची शिवण उलट आणि आतल्या मायेच्या कडेला कापडाची मूळ किनार दिसते का ते पाहा. दोन्ही बाजूंना किनार असेल तर पुढच्या भागासाठी आईने तुला पुरा पन्हा, म्हणजे कापडाची सगळी रुंदी, दिला होता. नंतर फ्रॉक जमिनीवर पसरून पुढच्या घेराची खालची कड एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोज, घड्या हाताने सरळ करत, टेप न ताणता. तुझे उत्तर येईपर्यंत मी कापड बेतत नाही.

तुझीच,
गिरकीत हरणारी