नहाणीचा उतार

कोल्हापूर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि आई बोलते, माझ्या वाट्याला ‘जेवलीस का’ एवढंच येतं. म्हणून लिहितोय. तुझी तक्रार मी स्पीकरवर सगळी ऐकली. मुंबईच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेनिंगला जाऊन दीड महिना झाला, अजून डिझाइन म्हणून काही हातात दिलेलं नाही, रोज टॉयलेट डिटेल नाहीतर दारं-खिडक्यांचं शेड्यूल. अहमदाबादला गेलेली मैत्रीण स्पर्धेचं मॉडेल करतेय, पुण्यातला मित्र क्लायंटच्या मीटिंगला बसतोय आणि तू बाथरूमच्या टाइल्स मोजतेस. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत एकच सेमिस्टर कॉलेजबाहेर मिळतं, ते असं चाललंय, तर ऑफिस बदलू का, असं विचारलंस.

बदलू नकोस.

तू म्हणशील, अण्णा कॉन्ट्रॅक्टर माणूस, त्यांना डिझाइनचं काय कळतं. कबूल. पण आर्किटेक्ट लोकांनी कागदावर काढलेलं साइटवर निस्तरण्यात माझं आयुष्य गेलंय. निस्तरताना सगळ्यात जास्त पैसा आणि झोप कशात गेली म्हणशील, तर संडास-बाथरूममध्ये. एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, आवडलं नाही म्हणून कुठला मालक रात्री साडेदहाला फोन करत नाही. खालच्या मजल्यावर छताला ओल आली की करतो, आणि सोबत खालच्या मजल्यावाल्यालाही लाइनवर घेतो.

तुमचं ऑफिस काढतंय त्या टॉवरचं गणित मी वहीत मांडून बघितलं. 22 मजले, मजल्याला चार फ्लॅट, फ्लॅटला दोन बाथरूम. म्हणजे 176 बाथरूम. नहाणी ट्रॅप, म्हणजे लादीवरचं पाणी निघून जायची जाळी, तू चुकीच्या कोपऱ्यात दाखवलास तर तो 176 ठिकाणी चुकीच्या कोपऱ्यात बसणार. आमच्या बंगल्याच्या कामात चूक झाली तर मिस्त्री दुसऱ्या दिवशी फोडून नीट करतो. तिथे कोण फोडणार? त्यामुळे हे काम तुला क्षुल्लक म्हणून दिलं असेल की विश्वासानं, ते मला माहीत नाही, पण काम क्षुल्लक नाही.

तू पाठवलेलं ड्रॉइंग मी मोठं करून बघितलं. रेषा सुंदर आहेत. पण दारातून आत आल्यावर पाणी कुठून निघून कुठे जातं, हे तुझ्या कागदावर दिसत नाही. शॉवरखालचं पाणी दाराकडे न येता ट्रॅपकडे गेलं पाहिजे. चार फुटांना निदान अर्धा इंच उतार हवा. बाथरूमची लादी बाहेरच्या फरशीपेक्षा पाऊण इंच तरी खाली हवी. हा पाऊण इंच ड्रॉइंगवर नसला की मिस्त्री आपल्या मनानं करतो, आणि दोन मिस्त्र्यांची मनं वेगळी असतात. ट्रॅप दाराजवळ दाखवलायस तो पलीकडे ने. बेसिनची लाइन कमोडच्या मागून जाते तिथे टाइलवाल्याचा हात पोचेल का, एवढंही बघ.

आणि साइटवर जायला माग. साहेब विसरले तर पुन्हा माग. तेही कुठल्याही दिवशी नको, वॉटरप्रूफिंग चालू असेल त्या दिवशी. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असेल, त्यात वीटतुकडे आणि सिमेंटचा कोबा कसा भरतात, कोपऱ्याला गोलाई का देतात, पाइप भिंतीतून जातो तिथे काय करतात, ते उभी राहून बघ. नंतर पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवतात, तेव्हा खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघ. माझ्या मते कॉलेजात तुमची डिझाइनं तपासणाऱ्या सगळ्या ज्युरीपेक्षा ती परीक्षा कडक असते. तिथले मिस्त्री बहुतेक झारखंड, बंगाल, बिहारकडचे असतील. त्यांचं नाव विचार आणि नावानं हाक मार. लेव्हल नळीत पाणी भरून ते कसे लावतात ते शिकवायला सांग. आता लेझर आलाय, पण तुझे आजोबा गवंडी होते, आणि त्यांच्या नातीला नळीनं लेव्हल लावता येत नाही हे काही बरं दिसत नाही.

आता मुंबईचं. तू म्हणालीस की रविवारी कंटाळा येतो, पावसात कुठे जाणार. अगं, पावसातच जायचं. आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरीला पावसाळ्यात मुंबईत राहायला मिळतंय. इमारतीचं खरं-खोटं उन्हाळ्यात कळतच नाही.

तुझं ऑफिस फोर्टात, म्हणजे रोज सीएसएमटीला उतरतेस. स्टीव्हन्स नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं काढलेली ती इमारत 1888 साली पुरी झाली. छताच्या कडांवर तोंड वासलेले प्राणी आहेत. गॉथिक बांधणीत असे प्राणी मुळात पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला आले. तिथले कुठले खरंच पाणी फेकतात आणि कुठले नुसतेच बसलेत, ते छत्री धरून शोध. शेजारी जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट ऑफिस आहे, आर्किटेक्ट जॉन बेगचं. त्याच्या घुमटाकडे नीट बघ, ओळखीचा वाटेल. शाळेच्या सहलीला विजापूरचा गोलघुमट बघितला होतास, त्याच्यावरूनच तो घेतलाय. बेग स्कॉटलंडचा, घुमट विजापूरचा आणि आत मनीऑर्डरी आपल्या आजरा-चंदगडच्या गिरणी कामगारांच्या.

मग ओव्हलवर जा आणि मैदानाच्या मधोमध उभी राहा. एका बाजूला दगडी गॉथिक: हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. दुसऱ्या बाजूला 1930च्या सुमाराला आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट, आल्यावरच्या आर्ट डेको इमारती. 2018 साली दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं, हे तुला कॉलेजात सांगितलंच असेल. मी सांगतो ते वेगळं. खिडक्यांवरचे आडवे छज्जे बघ, कोपऱ्यावरून वळून जाणारे. ते शोभेचे दिसतात, पण उन्हापावसाला अडवतात. त्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडायला खाच ठेवली आहे का, आणि जिथे नाही तिथे भिंतीवर काळे ओघळ आलेत का, ते तपास. फोटो काढून मला पाठव. खाच नसलेल्यांचे आधी.

चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा तुम्हाला अभ्यासाला होतं. कंबाला हिलवरची ती 28 मजली इमारत, 1983 सालची. आत कोणी सोडणार नाही, रस्त्यावरूनच बघ. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्र पश्चिमेला दिसतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड पण पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा काढला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून कोपऱ्यात वर चढवला. एवढी साधी अडचण आणि तिचं एवढं सरळ उत्तर. या इमारतीवर पानंच्या पानं लिहितात, पण सुरुवात पावसाच्या झडीपासून आहे, हे सांगायचं लोक विसरतात.

हार्बर लाइननं बेलापूरलाही जाऊन ये. तिथली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत कोरियांचीच. लहान चौकाभोवती सातेक घरं, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे पैसे आले की ज्यानं त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. मूळची घरं आता थोडीच उरलीत, बाकीच्यांनी पाडून मजले चढवलेत. तुझ्या सरांना त्याचं वाईट वाटत असेल. मला नाही वाटत. वाढवता यावं म्हणूनच ती बांधली होती.

राहायचं म्हणशील तर दादरच्या त्या खोलीत तिघी, एक कपाट, सकाळी बाथरूमला नंबर. एकीला सीएच्या आर्टिकलशिपला आठला निघायचं, दुसरीची हॉस्पिटलात नाइट. आईला हे ऐकून रडू आलं. मी तिला म्हटलं, अगं, आपला आजऱ्याचा चुलता लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्याची वळकटी उचलायची. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशोबावर. अशा खानावळी चालवणाऱ्या बायांनाच प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. 1982च्या गिरणी संपानंतर चुलता गावी परतला तो कायमचा. हे तुला लाजवायला सांगत नाही, तुमचे आणि त्यांचे दिवस वेगळे. पण तू घरं काढायला शिकतेस. सकाळी लोकलनं चिंचपोकळी, करी रोडवरून जातेस तेव्हा खिडकीतून बघ. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या निघाल्या, आता त्या जागी टॉवर उभे राहतायत. एवढ्याशा खोलीत चूल कुठे, मोरी कुठे, अभ्यासाला पोर कुठे बसायचं, हे बायकांनी कसं बसवलं असेल, ते कुठल्या तरी म्हातारीला विचार. लेडीज डब्यात तुझी आता चौथ्या सीटची ओळख झालीच आहे, त्यांच्यातच सापडेल कोणीतरी.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या ऑफिसच्या बाजूनं नाही. सबमिशन आहे म्हणून आठवड्यातून तीन रात्री अकरापर्यंत थांबवतात, हे मला पटलेलं नाही. महानगरपालिकेची तारीख, क्लायंटची घाई हे सगळं मला कळतं. स्लॅब टाकायचा असेल तर आम्हीही रात्र काढतो. पण आमचा स्लॅब रोज नसतो. रोज रात्र काढावी लागत असेल तर कामाची आखणी चुकतेय, आणि ती ट्रेनी पोरांच्या झोपेवर भागवायची नसते. सरळ सांग की साडेआठला निघते, सकाळी नऊला येते. उद्धटपणे नको, आणि माफी मागतही नको. शिकायला आलेल्याला नाही म्हणता येत नाही असं तुम्हा पोरांना कोणी शिकवलं कोण जाणे. गेल्या महिन्याचा स्टायपेंड अजून आला नसेल तर तोही माग. पलंगाच्या भाड्यालाच तो पुरत नाही हे मला माहीत आहे, वरचे मी भरतोय आणि भरेन. पण मेहनतीचे पैसे मागायला संकोच वाटायला लागला की पुढे या धंद्यात तुझे पैसे सगळ्यात शेवटी मिळतील. हे मी अनुभवानं सांगतोय, आणि वसुलीची माझी वही अजून बंद झालेली नाही.

पावसाचं एक ध्यानात ठेव. आपल्याकडे पंचगंगा सांगून चढते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, माणूस आकडे बघत सामान वर चढवतो. 2019 आणि 2021 ला घरात पाणी शिरलं त्यांनाही थोडा वेळ मिळाला होता. मुंबईत तसं नाही. भरतीच्या वेळेला समुद्र नाल्यांच्या तोंडाशी चढलेला असतो, त्यात मोठा पाऊस आला की पाण्याला जायला जागाच उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, तेव्हा माणसं घरी पोचायच्या नादात अडकली. भरतीची वेळ सकाळी बघून निघत जा. गाड्या थांबल्या तर असशील तिथेच थांब, ऑफिसातच झोप, पाण्यातून चालू नकोस. उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही. फोन लागला नाही तर आईला मी सांभाळतो, त्याची काळजी करू नकोस.

गौरी-गणपतीला यायचंच आहे. रजेचा अर्ज आत्ताच दे, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर असलं तरी काढून ठेव. तुझ्या आत्याच्या हातात मी पन्नास लाडू, चटणीची बरणी आणि रेनकोट पाठवतोय. ती शनिवारी दादरला उतरेल, सकाळी सातच्या आत. स्टेशनवर जायचा आळस करू नकोस, तिचे गुडघे दुखतात.

आणि ते ट्रेनिंगचं लॉगबुक. दर शुक्रवारी साहेबांची सही घे. साचवलंस तर शेवटच्या आठवड्यात साहेब नेमके परगावी गेलेले असतात.

तुझे,
अण्णा