शॉटच्या आधी थांबणं म्हणजे टाइमपास नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याचा, नोकरी वेर्ण्याला, आणि गेली बारा-तेरा वर्षं शनिवारी संध्याकाळी पूल खेळतो, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ. तुमच्या क्रीडा पानावर फुटबॉल-क्रिकेट भरपूर येतं, ते येऊदेच, पण आज पूलबद्दल लिहितोय कारण गेल्या महिन्यात एका लोकल टुर्नामेंटमध्ये जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही.

माझी भाची सतरा वर्षांची, एट बॉल खेळत होती, म्हणजे आपले बॉल संपवून शेवटी काळा आठ नंबर घालायचा. तिचा तोच उरला, लांबचा शॉट. ती वाकली, तीन-चार वेळा क्यू मागेपुढे केला, टिप, म्हणजे क्यूचं टोक, पांढऱ्या बॉलजवळ आणून थांबवली, मग सावकाश क्यू मागे घेतला आणि मागे गेल्यावर क्षणभर थांबली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मार गो बाय, कितलो वेळ!" आणि माइकवाल्याने दहापासून उलटे आकडे मोजायला घेतले. हात हलला, बॉल पॉकेटच्या तोंडाला आपटून परत आला. हरली त्याचं काही नाही, ते चालायचंच. पण घरी येताना म्हणाली, "मामा, आता मी थांबणारच नाही, पटकन मारून मोकळी होईन." हे ऐकून मात्र पोटात कालवलं, कारण ते थांबणं जमायला तिला आठ महिने लागलेत.

बघणाऱ्याला वाटतं ही घाबरलीय नाहीतर स्टाइल मारतेय. तसं नाहीये. टिप बॉलला लागते ती साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती, त्यात काहीच सुधारता येत नाही, जे काय करायचं ते त्याच्या आधी. पांढरा बॉल 1 अंश जरी वाकडा निघाला तरी एक मीटर जाईपर्यंत जवळजवळ 17 मिलिमीटर बाजूला गेलेला असतो आणि बॉलच मुळात 57 मिलिमीटरचा. हात मागे जात असतो आणि त्याला एकदम पुढे यायचं असतं, ही दिशा बदलताना घाई केली की मूठ आवळली जाते, कोपर-खांदा हलतो, क्यू लाइन सोडतो. मागे क्षणभर थांबलं की हात शांत होतो, डोळे पांढऱ्या बॉलवरून समोरच्या बॉलवर जाऊन टिकतात, आणि मग क्यू सरळ पुढे. मुद्दाम एक-दोन मोजून थांबलात तर उलट हात आखडतो, मी स्वतः दोन महिने तसं करून बघितलं आणि खेळ बिघडवून घेतला. क्यू सावकाश मागे घेतला तर थांबणं आपोआप येतं.

हे तिने शिकलं ॲलिसन फिशरचे व्हिडिओ बघून. इंग्लंडची ही खेळाडू आधी स्नूकरमध्ये (पूलसारखाच, मोठ्या टेबलावरचा खेळ) वर्ल्ड चॅम्पियन होती, 1995 मध्ये अमेरिकेत जाऊन पूल खेळायला लागली आणि तिथेही टॉपला गेली, तिचं मागचं थांबणं कोणालाही दिसेल इतकं स्पष्ट आहे. सगळेच असे थांबत नाहीत हेही मान्य, फिलिपिन्सचा नावाजलेला पूल खेळाडू एफ्रेन रेयेस, त्याचा हात बघा, सैल, वाहता. पण म्हणून आपल्या पोरांना रेयेस व्हा असं सांगण्यात काय अर्थ?

आणि वेळ जातो म्हणाल तर तो या थांबण्यात जातच नाही. ते अर्ध्या-एक सेकंदाचं काम. वेळ जातो टेबलाभोवती चार फेऱ्या मारण्यात, उगाच पुन्हापुन्हा चॉक लावण्यात, मोबाइल बघण्यात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खाली वाकल्यावर विचार करण्यात. कुठला बॉल, पांढरा कुठे थांबवायचा, फॉलो (पांढरा पुढे जाणारा) की स्क्रू (मागे येणारा), हे सगळं उभं असताना ठरवायचं, मग लाइनवर पाऊल टाकून वाकायचं. वाकल्यावर शंका आली तर सरळ उठायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. पावसाळ्यात तर हे जास्तच लागतं, आपल्याकडे जून-जुलैत कापड दमट होतं, बॉल जड चालतो, हात क्यूला चिकटतो, मग जो तो जोर काढतो आणि जोर काढला की थांबणं पहिलं जातं.

नदीकाठी पागेर टाकणारा माणूस जाळं गोळा करून पाण्याकडे बघत उभा असतो, त्याला कोणी मागून ओरडून सांगतं का, टाक रे लवकर? आपण गप्प बघत राहतो, कारण तेही त्याच्या कामातच धरलेलं असतं हे आपल्याला माहीत आहे. टेबलापाशी मात्र हे का कळत नाही?

घड्याळ लावायला माझा विरोध नाही, रात्री बारापर्यंत मॅची चालवून कोणाचं भलं होत नाही. मोस्कोनी कप या युरोप-अमेरिकेच्या पूल स्पर्धेतही शॉटला 30 सेकंदच असतात, पण एका रॅकमध्ये, म्हणजे एका डावात, एकदा वाढीव वेळ मागता येतो. स्नूकर शूट आउट ही स्पर्धा तर दहा मिनिटांचा घाईचाच खेळ, तिथेही पहिली पाच मिनिटं शॉटला 15 सेकंद आणि नंतर 10, आणि हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. आपल्याकडे मात्र आयोजकांच्या मनात येईल तेव्हा मोजणी सुरू, तीही माइकवर, तीही पोर वाकलेली असताना. लिमिट काय ते आधी सांगा, सगळ्यांना सारखी ठेवा, बॉल थांबले की मोजायला लागा, हवं तर 10 सेकंद उरले की एकदा सांगा आणि मग गप्प बसा. प्रेक्षकांनाही सुरवातीलाच बजावा. आणि तुमच्या वार्ताहराला कधी अशा मॅचला पाठवा ही विनंती, नुसता स्कोर छापण्यापेक्षा कोण कसा खेळला ते लिहा.

पुढची टुर्नामेंट गणेश चवथीनंतर आहे, भाचीने नाव दिलंय. सध्या रोज रात्री जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात क्यू आतबाहेर करत बसते, काचेला लागू न देता, आणि मागे गेल्यावर अजून थांबते.

आपला,
एक पूल खेळणारा, फोंडा