तुझा एमआरआय आणि माझी जुनी चूक

कराड,
रविवार, दुपारी

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री पावणेबाराला तुझ्या रिपोर्टाचा फोटो आला आणि खाली एकच ओळ, "ऑपरेशन सांगतील का रे?" सकाळी फोन करणार होतो. पण फोनवर तू मला पहिलं वाक्य पुरं करू देत नाहीस, दुसऱ्याच्या आत कुणाच्या तरी साडूची गोष्ट काढतोस. म्हणून कागद घेतला. क्लिनिक आज बंद आहे, हिला भिशीला सोडून आलोय, दोन तास माझे.

तू लाल पेनाने चार ठिकाणी गोल केलेत. डिजनरेटिव्ह चेंजेस. डिस्क डेसिकेशन. लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस. आणि एल ४-५ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, इन्डेन्टिंग द थीकल सॅक. शेवटच्या ओळीला मात्र गोल नाही. तिथे लिहिलंय की नसेच्या मुळावर लक्षणीय दाब नाही. बँकेत कर्जाचे कागद वाचताना शेवटची ओळ आधी बघणारा माणूस तू! स्वतःच्या कमरेच्या वेळी ती नेमकी सुटली.

एल म्हणजे लंबर. लॅटिनमध्ये 'लुंबुस' म्हणजे कंबर, एवढंच. मानेत ७ मणके, पाठीत १२, कमरेत ५, आणि प्रत्येक ठिकाणी मोजणी वरून खाली. एल ४-५ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी. वाकताना-उठताना जास्त भार शेवटच्या दोन गाद्यांवर येतो, त्यामुळे बहुतेकांच्या कुरबुरी तिथल्याच.

आता ती गादी. आपल्याकडे सगळे म्हणतात, "गादी सरकली." ती सरकत नाही. वरच्या-खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. डोळ्यांसमोर पुरणपोळी आण. कडेला चिवट थर, आत मऊ पुरण. पोळी सगळ्या बाजूंनी जराशी फुगली की तो बल्ज. एका जागी टेंगूळ आलं की प्रोट्रुजन. कड फुटून पुरण बाहेर आलं की एक्स्ट्रुजन. तुझी फक्त फुगलीय. 'डेसिकेशन' म्हणजे आतलं पाणी कमी झालं. थीकल सॅक ही नसांभोवतीची पाण्याची पिशवी, आणि 'इन्डेन्टिंग' म्हणजे त्या पिशवीला बाहेरून बोटाने दाबल्यासारखी खळी पडलीय. पिशवीला खळी पडणं वेगळं आणि आतली नस चेंगरणं वेगळं. लॉर्डोसिस हा तर कमरेचा नैसर्गिक बाक, रोग नव्हे. तो कमी दिसतो कारण दुखण्याने स्नायू आखडलेत. शिवाय त्या यंत्रात गुडघ्याखाली उशी देऊन उताणं झोपवतात, तशानेही कंबर सपाट दिसते.

दुसरा एक शब्द तुला शेजारपाजारचे सांगतील, तोही आत्ताच निस्तरतो: "मणक्यात गॅप पडलाय." माझ्याकडे येणारा दर तिसरा माणूस हेच म्हणत येतो. रिपोर्टात असतं 'रिड्यूस्ड डिस्क स्पेस', म्हणजे दोन मणक्यांमधली जागा कमी झाली, मणके जवळ आले. आपण ऐकतो नेमकं उलटं आणि मग भिंतीला भेग पडावी तशी पाठ दुभंगल्याचं चित्र मनात घेऊन जगतो. तसंच 'फ्रॅक्चर'चं. "फ्रॅक्चर नाही ना डॉक्टर, नुसता क्रॅक आहे ना?" अरे, हाडाला बारीकशी चीर गेली तरी डॉक्टरी भाषेत ते फ्रॅक्चरच. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं की सगळं गाव म्हणतं, "वाटी बदलली." प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवर नवं आवरण बसवतात. वाटी पुष्कळदा पहिलीच राहते.

पहिल्या शब्दाला मात्र मुद्दाम शेवटी हात घालतोय. डिजनरेटिव्ह. या शब्दाशी माझं जुनं देणं आहे. तुला कधी सांगितलं नाही.

क्लिनिक टाकून दोनेक वर्षं झाली असतील. पाटणकडच्या एक मावशी आल्या होत्या, एक्स-रे पिशवीत गुंडाळलेला. वय पंचावन्नच्या आसपास, भातशेती. मी रिपोर्ट वाचला आणि मोठ्या ऐटीत मराठी केलं, "मावशी, तुमचे मणके झिजलेत." चार व्यायाम दाखवले, शेक दिला, पाठवून दिलं. दीड वर्षाने त्या नातवाला घेऊन आल्या, त्याचा पाय मुरगळला होता. दारातून टेबलापर्यंत येताना त्यांनी उजवा तळवा भिंतीवरून सरकवत आणला. भिंत संपली तिथे क्षणभर थांबल्या, मग टेबलाची कड धरली. शेतात जाणं बंद, हंडा बंद, जमिनीवर बसणं बंद. मांड्यांत मांस राहिलं नव्हतं. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? तर म्हणाल्या, "झिजल्यालं जपून वापराया नगं व्हय? तुमीच म्हनला न्हवं."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं रे. त्यांच्या घरात झिजणारी वस्तू म्हणजे विळा नाहीतर वहाण. जितकी वापराल तितकी उरणार कमी. हाड तसं नाही, ते जिवंत आहे. ज्या दिशेने भार पडेल तसं ते स्वतःला बांधून घेतं, हे यूलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ साली मांडलं होतं आणि मी ते पाठ करून परीक्षेत मार्क मिळवले होते. मावशींना सांगायच्या वेळी एक शब्द चुकीचा निघाला. पुढे आठ महिने त्यांना खुर्चीवरून उठणं-बसणं, पायरी, मग अर्धी घागर असं करत आणलं. बऱ्याच सावरल्या. पण ते दीड वर्ष गेलंच. तेव्हापासून मी 'झीज' हा शब्द पेशंटसमोर काढत नाही. म्हणतो, केस पिकतात तशा गाद्याही पिकतात.

आणि हे तुला गोंजारायला म्हणत नाही. २०१५ साली एक आढावा छापून आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन त्यात एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिजनरेशन, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६. तुझा तो बल्जही पन्नाशीतल्या ६० टक्के ठणठणीत माणसांत निघाला. आपण दोघे आता ५३चे. माझा एमआरआय काढला तर याहून लांब रिपोर्ट येईल, म्हणून मी काढत नाही.

खरं तर या सगळ्या नावांमागे घरातल्याच वस्तू आहेत, परक्या भाषेत गेल्या म्हणून भीती वाटते. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी, आपण वाटी म्हणतो. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले, त्यात गुडघ्याचं हाड 'कपाल' प्रकारात घातलं, म्हणजे पुन्हा खापर नाहीतर वाडगं. टिबिया म्हणजे बासरी. कॉक्सिक्स म्हणजे कोकिळा. ग्रीकांना तिथे कोकिळेची चोच दिसली, आपल्या लोकांना माकडाची शेपटी, म्हणून माकडहाड. पण मला सगळ्यात आवडतो तो 'मसल'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली पळतो तसा. आणि आपण शाळेच्या कट्ट्यावर बाह्या वर करून काय दाखवायचो? बेडकुळी! रोममध्ये उंदीर, कराडात बेडूक. तुझी तर दिसायचीच नाही, तू खालून अंगठ्याने दंड ढकलायचास.

तुझ्या डाव्या कोपरालाही नाव आहे, सांगितलं होतं का कधी? दुसरीत चिंचेवरून पडलास, हाडवैद्याने कांबट्या बांधल्या, हाड जुळलं पण तिरकं. क्युबिटस व्हेरस. इंग्रज डॉक्टर त्याला बंदुकीच्या दस्त्याची उपमा देतात. आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली 'ऑर्थोपेडी' हा शब्द बनवला तो 'सरळ' आणि 'मूल' हे दोन ग्रीक शब्द जोडून. त्याच्या पुस्तकात खुंटाला बांधलेल्या वाकड्या रोपाचं चित्र होतं, हाडांच्या डॉक्टरांच्या कित्येक संस्था अजून तेच चिन्ह वापरतात. कुठे ते चित्र दिसलं की मला तुझं कोपर आठवतं. त्या कोपराने तू पुढे तीस वर्षं बॉलिंग टाकलीस आणि एकदाही रिपोर्ट मागितला नाहीस.

आणखी एक. तुझ्या साहेबांनी तुला "स्पाँडिलायटिस" म्हणून टाकलंय ना? 'स्पाँडिल' म्हणजे मणका, पुढचं शेपूट बघायचं. 'ओसिस' असेल तर वयाचे बदल, 'लायसिस' असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीला तडा, 'लिस्थेसिस' असेल तर एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरलेला. आणि 'आयटिस' म्हणजे दाह, तो निराळाच आजार, बहुतेकदा तरुणपणी सुरू होणारा. त्यात सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी असते आणि हालचाल केली की मोकळी होते. त्याचे डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. तुझं नुसतं 'ओसिस'. पण आपल्याकडे गळ्यात पट्टा दिसला की माणूस स्पाँडिलायटिसचा, काय बोलणार.

आता हे नीट वाच. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, खाली नसांचा झुबका लोंबतो. त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, घोड्याची शेपटी. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाय एकदम लुळा पडू लागला, तर मला फोन करत बसू नकोस, थेट मोठं हॉस्पिटल गाठ, रात्रीचे दोन वाजले असले तरी. यातलं काही नाही असं तू लिहिलंयस, कळ गुडघ्याखाली उतरत नाही असंही. मग चालायला लाग. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. पट्टा कपाटात टाक. फळीवर झोपायचं खूळ सोड, वहिनींनी पलंगावरची गादी काढून ठेवली असेल तर परत घाल म्हणावं.

शनिवारी कोयनेने ये. सलग बसू नकोस, तासातासाने उठून डब्यात फेरी मार. पोटरी, मांडी, कंबर मी स्वतः हाताने तपासतो, मग ऑपरेशनचं बोलू. फिल्म आणायची गरज नाही. त्याऐवजी डोंबिवलीच्या त्या दुकानातली बाकरवडी आण, अर्धा किलो, मागच्या वेळी पाव किलो आणून फसवलंस.

आईंना नमस्कार, वहिनींना सांग घाबरू नका.

तुझा,
विन्या