पैशाचा प्रश्न नसता तर: गाळलेल्या आकड्याविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत ‘पैशाचा प्रश्न नसता तर आयुष्यात काय केले असते?’ या विषयावरची वाचकांची उत्तरे दोन पाने भरून छापली आहेत. कोणाला कोकणात वाडी घ्यायची आहे, कोणाला नर्मदा परिक्रमा करायची आहे, कोणाला राजीनामा देऊन जगभर हिंडायचे आहे. ती उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. माझी तक्रार दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘इतर आवडीनिवडी’ या चौकटीत, बागकाम आणि तिकीटसंग्रह यांच्यामध्ये छापलेल्या एका अर्ध्या ओळीबद्दल आहे. ‘जुनी मोडी कागदपत्रे वाचत बसेन’, म्हणजे पूर्वी मराठी ज्या मोडी लिपीत लिहीत त्या लिपीतील कागद वाचेन, ही ती ओळ. ती माझ्या एका विद्यार्थ्याची आहे आणि त्याने ती अशी लिहिलेली नव्हती.

पाठवण्यापूर्वी त्याने ते पत्र मला दाखवले होते. पुराभिलेखागार उघडल्यापासून बंद होईपर्यंत तेथे बसून एकेका रुमालातील, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातील, कागदांची सूची करावी, कोणता कागद कोणत्या गावचा, कोणत्या सालचा आणि कशाबद्दलचा एवढे तरी नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आणि जमिनीच्या कज्जात अडकलेल्या शेतकऱ्याला तो शोधता येईल, असे त्याने सविस्तर लिहिले होते. शेवटी त्याने हिशेब मांडला होता. घरभाडे, आईची औषधे, धाकट्या बहिणीची फी आणि जेवणखाण मिळून दरमहा २२,००० रुपये मिळाले, तर माझ्यापुरता पैशाचा प्रश्न मिटला, असे ते वाक्य होते. आपण नेमके तेच वाक्य गाळले. जागेची अडचण मी समजू शकते. परंतु आपल्या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर मला त्या दोन पानांत दुसरे सापडले नाही. बाकी सर्वांनी पैसा अमर्याद धरला. या मुलाने तो किती लागतो ते सांगितले, आणि त्यालाच आपण आवडीनिवडींच्या चौकटीत बसवले.

मोडी वाचणे म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असा समज त्या मांडणीतून होतो आणि तो मला फार लागला. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखक घाईत असेल तर अक्षराचे वळण ओळीगणिक बदलते आणि कालनिर्देश सुहूर सनाचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरलेल्या एका कालगणनेचा, असेल तर ‘खमस’, ‘सबैन’, ‘अलफ’ अशा अरबी संख्यांची बेरीज करून साल काढावे लागते. पुराभिलेख संचालनालयाच्या अल्पमुदतीच्या वर्गातून अक्षरओळख होते, पण पेशवेकालीन कागद अडखळल्याशिवाय वाचता येण्यासाठी वर्षे जातात. हा मुलगा ती वर्षे घालवून तयार झालेला आहे. आज तो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळीचे डोळे घेऊन, माझ्याकडे कागदांची छायाचित्रे आणून बसतो.

२०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नात जुन्या कागदांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम वाढले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती शोधाशोध झाली हे आपल्याच अंकांतून वाचकांनी पाहिले आहे. त्या दिवसांत याच मुलाला एका कार्यालयाने सन्मानाने बोलावून घेतले. गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक या गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांतील शेकडो पाने त्याने वाचून दिली आणि त्यासाठी कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. मानधनाचा काही भाग त्याला मिळाला, उरलेल्यासाठी हेलपाटे घालून शेवटी त्याने तो नाद सोडला. नोंदी सापडल्यावर त्याला पुन्हा कोणी विचारले नाही. मी मात्र ते विसरलेले नाही, कारण रजेमुळे कापलेल्या त्या पगाराच्या महिन्यात त्याच्या घरी काय ओढाताण झाली ती मी पाहिली आहे.

यावर एका परिचितांनी मला कालच ऐकवले की, इतिहासाचार्य राजवाड्यांना कोणी पगार दिला होता? हा दाखला नेहमी दिला जातो म्हणून त्याचे उत्तर देते. राजवाडे गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यांनी काढले, आणि १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. ज्याच्या घरी आजारी आई आणि शिकणारी बहीण आहे त्याने तसेच जगावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? दुसरा दाखला कोणी देत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या संग्रहातील, निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या थोड्या काळात प्रसिद्ध झाले. संपादक होते बडोदे संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले गो. स. सरदेसाई, हाताशी मदतनीस होते आणि खर्च मुंबई सरकारचा होता. माणसांच्या पोटाची सोय झाली तेव्हा काम एवढ्या वेगाने झाले. आजही पुण्यात, कोल्हापुरात आणि मराठ्यांचे राज्य जेथे नांदले त्या तंजावरातसुद्धा मोडी कागदांचे ढीग वाचकांची वाट पाहत आहेत. वाचू शकणारे तरुण आहेत आणि त्यांना ते काम मनापासून करायचे आहे. मध्ये अडसर आहे तो फक्त महिन्याच्या खर्चाचा.

म्हणून माझी विनंती आहे की, त्या विद्यार्थ्याचे पत्र पूर्ण, निदान त्यातील आकड्यासह, पुढील रविवारी छापावे. पैशाचा प्रश्न नसता तर काय केले असते, असे लोकांना विचारायचे असेल, तर तो प्रश्न कितीचा आहे हेही वाचकांपुढे यायला हवे. शासनात बसलेली माणसेही आपले वृत्तपत्र वाचतात.

याच महिन्यात कुणबी नोंदींवरील लेखासोबत आपण एका मोडी कागदाचे छायाचित्र छापले होते. ते उलटे छापले गेले होते. शिरोरेघ ओळीच्या खाली आलेली पाहून माझ्या वर्गातील पहिल्या आठवड्यातल्या मुलीनेसुद्धा ते ओळखले. तेव्हाही मी आपल्याला पत्र लिहिले होते, पण चूक दुरुस्त झाल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. यापुढे असे छायाचित्र छापण्यापूर्वी ते मोडी जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावे आणि त्या व्यक्तीला त्या कामाचे मानधन वेळेवर द्यावे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर